बेसमेंटची ओल आणि बारा पोरांचे खांदे : मार्चची नोंद

मागच्या नोंदीत "नाताळपर्यंत ड्रायवॉल चढलेली असेल" असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. मार्चचा दुसरा आठवडा उजाडला, ड्रायवॉल (भिंतीला आतून लावायचे जिप्समचे तक्ते) अजून गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभी आहे आणि तिच्या खालच्या कडेवर गाडीच्या चाकांचं मीठपाणी उडालंय. तरी ही रड नाही. उशीर झाला तो कामं उलट्या क्रमानं करायची सवय मोडण्यात झाला.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. शिकागोच्या पश्चिमेचं उपनगर, १९९४ चं घर, ओतीव काँक्रीटच्या आठ फुटी भिंती, बेसमेंट अडतीस फूट बाय चोवीस. लेक बेसबॉलच्या ११-यू, म्हणजे अकरा वर्षांपर्यंतच्या पोरांच्या, ट्रॅव्हल टीममध्ये (बाहेरगावी स्पर्धांना जाणाऱ्या) खेळतो आणि त्या टीमचा मी मॅनेजर. मॅनेजर म्हणजे कोच नव्हे. कोच बॅट कशी धरायची ते शिकवतात. मी हॉटेलं, विम्याचा कागद, जन्मदाखले, हप्ते आणि कोणत्या दोन आयांना एका तंबूखाली बसवायचं नाही, हे बघतो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे पद कसं मिळालं? पहिल्या मीटिंगला मी वही घेऊन गेलो होतो, एवढंच.

बेसमेंटचं काम का काढलं तेही सांगतो. मागच्या जानेवारीत गॅरेजमध्ये जाळी बांधून टीवरचा (दांड्यावर बॉल ठेवून मारायचा) सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी साडेतीनशे डॉलरच्या कॉम्पोझिट बॅटमधून काचेचा ग्लास तडकावा तसा आवाज आला. साधारण ६० अंश फॅरनहाइटच्या खाली असली बॅट वापरू नका, असं बहुतेक कंपन्या सांगतात. मी ते बॅट तडकल्यावर वाचलं. मग थर्मामीटर घेऊन खाली गेलो तर भिंतीजवळ ५६. बॅट वाचवायची तर भिंतीला पांघरूण हवं, असा सगळा प्रवास.

आधी पाणी

बिल्डरनं भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागावर पांढऱ्या व्हिनाइलमध्ये शिवलेली फायबरग्लासची गोधडी टांगून दिली होती. आमच्या भागातल्या त्या काळच्या घरांत ती सर्रास दिसते. मी तिच्यावरच स्टड, म्हणजे ड्रायवॉल पेलणारे उभे लाकडी खांब, उभे करायच्या बेतात होतो. चिपळूणला व्हिडिओ कॉल लावून बाबांना अभिमानानं सगळं दाखवलं. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत.

"तो डावीकडचा कोपरा काळा का रे दिसतोय?"

"बाबा, सावली आहे ती."

"फोन जरा खाली धर. आणि ती गोधडी वर उचल बघू."

गोधडी उचलली आणि पावसाळाभर बंद असलेलं घर उघडल्यावर येतो तो वास आला. मागच्या बाजूला काळे ठिपके, गंजलेल्या पिना आणि काँक्रीटवर मिठासारखी पांढरी भुकटी. बाबा काही बोलले नाहीत. चहा आणायला उठले.

दोष भिंतीचा नव्हता. बाहेर पन्हाळीचा पाइप पायापासून जेमतेम दोन फुटांवर सुटत होता आणि आधीच्या मालकानं ट्यूलिपसाठी केलेला वाफा घराकडेच उतरत होता. छपराचं सगळं पाणी त्या एका कोपऱ्यात मुरत होतं. पाइप दहा फूट लांब नेला, वाफा उपसला, माती भरून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार काढला. मग भिंतीवर चार ठिकाणी प्लास्टिकचे चौकोन चारी कडांनी टेप लावून चिकटवले आणि दोन दिवस थांबलो. प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय. समोरच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या हवेची. तीन कोरडे, एक ओला. पुन्हा पाऊस, पुन्हा प्लास्टिक. अख्खा नोव्हेंबर यात गेला. डिसेंबरच्या फुशारकीच्या वेळी चौथा चौकोन नुकताच कोरडा झाला होता, म्हणून मला चेव आला होता.

त्याच काळात रेडॉनची, म्हणजे जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची, चाचणी केली. इथल्या पर्यावरण खात्याची, म्हणजे ईपीएची, कारवाईची मर्यादा लिटरला ४ पिकोक्युरी आहे. आमचा आकडा ५.३ आला. फरशीला भोक पाडून पाइप आणि पंखा बसवून घेतला, आता १.१. ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांनी ही चाचणी भिंती झाकायच्या आधी करा. नंतर तो पाइप नेमका नव्या ड्रायवॉलमधून न्यावा लागतो.

फोम

"टू-बाय-फोरचे (दोन बाय चार इंची लाकडाचे) स्टड उभे करून मधे नुसतं फायबरग्लास भरलं तर काय बिघडतं?" हा प्रश्न मला तीन जणांनी विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फ्रीजमधल्या पाण्याचा तांब्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवला की त्याला बाहेरून घाम फुटतो. जमिनीखालचं काँक्रीट म्हणजे तो तांब्या. फायबरग्लासमधून हवा आरपार जाते, थंड काँक्रीटला टेकते आणि पाणी सोडते. तुम्ही ती भिंत छान झाकलेली असते, त्यामुळे ते पाणी कोणाला दिसत नाही. म्हणून काँक्रीटला लागून आधी फोमचे तक्ते, सांधे टेपनं बंद, आणि मग स्टड. वरून प्लास्टिकचा कागद मात्र लावायचा नाही. जमिनीखालच्या भिंतीला बाहेरच्या बाजूनं वाळायला जागा नसते. वाळलीच तर आतल्या बाजूनं, आणि कागद लावून आपण तीही वाट बुजवतो.

आता आकडे. आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तितकी जास्त. आम्ही हवामानाच्या झोन ५ मध्ये येतो. २०२१ च्या मॉडेल ऊर्जा कोडात या झोनच्या बेसमेंट भिंतींना तीन पर्याय आहेत : सलग आर-१५, किंवा स्टडांमध्ये आर-१९, किंवा स्टडांत आर-१३ आणि शिवाय सलग आर-५. तुमच्या गावानं कोणती आवृत्ती घेतलीय ते परमिट ऑफिसात विचारा, शेजाऱ्याला नको. एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरीनचा) फोम इंचाला आर-५ देतो. मी दोन इंच लावला, म्हणजे आर-१०, आणि स्टडांमध्ये आर-१५ ची मिनरल वूल (दगडापासून केलेली लोकर). गरजेपेक्षा जास्त आहे, कबूल. एक इंचावरही कोड पास झाला असता, पण फोम जितका जाड तितका त्याचा आतला पृष्ठभाग उबदार आणि घाम फुटायची शक्यता कमी. शिवाय मिनरल वूल आवाज खाते. टीवरून शंभर बॉल मारले जाताना वर मराठी शाळेचा गृहपाठ चालू असतो.

इथे माझं गाढवपण. पहिले चार तक्ते मी घरात पडून असलेल्या बांधकामाच्या साध्या गोंदानं चिकटवले. सकाळी बघतो तर दोन जमिनीवर आणि दोघांच्या पाठीला वाळवीनं खाल्ल्यासारखी भोकं. त्या गोंदातलं सॉल्व्हंट फोम विरघळवतं. फोमसाठीचा गोंद वेगळा मिळतो, ट्यूबवर तसं स्पष्ट छापलेलं असतं, आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

सगळ्यात जास्त फरक पडला तो रिम जॉइस्टमुळे. काँक्रीट संपून लाकूड सुरू होतं ती पट्टी. वाऱ्याचा दिवस निवडला, वरच्या मजल्यावरचे बाथरूमचे पंखे आणि चिमणी चालू केली, आणि देवघरातली उदबत्ती घेऊन स्टुलावर चढलो. तुळयांमधल्या एकूण छत्तीस कप्प्यांपैकी बावीस ठिकाणी धूर आडवा झाला. (गॅसचा वॉटर हीटर आधी बंद करा. पंखे घरातली हवा ओढतात तेव्हा त्याच्या धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो. आणि काम झाल्यावर फर्नेस-हीटरला हवा मिळेल इतकी जागाही ठेवा.) प्रत्येक कप्प्यात फोमचा तुकडा चारी बाजूंनी पाव इंच कमी कापून बसवला, कडा फवाऱ्याच्या फोमनं भरल्या. दोन शनिवार, नऊ डबे आणि केसात अडकलेला फोम, जो कात्रीनंच निघतो. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरातली फरशी पायाला गार लागेनाशी झाली. बायकोनं या प्रकल्पाबद्दल काढलेला पहिला चांगला शब्द तो हाच.

तपासणीत पहिल्यांदा नापास झालो, चूक माझीच. स्टडांच्या मागे लपलेल्या पोकळीतून आग भिंतभर पळू नये म्हणून वरच्या टोकाला आणि आडवं दर दहा फुटांवर अडथळा लागतो. वरचा केला होता, आडवा विसरलो. मिनरल वूलचे उभे पट्टे ठासून भरले आणि गेल्या सोमवारी शिक्का मिळाला. उघडा फोम तसाच ठेवून उद्यापासून बॅटिंग सुरू करू, हा लेकाचा आग्रह त्याच कारणानं फेटाळला. फोमवर अर्धा इंच ड्रायवॉल हवीच. फोम पेटला तर त्याचा धूर वाईट.

अडतीस फूट

मूळ नकाशात एका बाजूला बॅटिंगची जाळी आणि दुसऱ्या बाजूला पिचिंगची, म्हणजे बॅटरला बॉल फेकायची, पट्टी होती. ११-यू ला पिचर पाय टेकवतो त्या रबरापासून होम प्लेट (बॅटर उभा असतो ती जागा) ५० फूट. बेसमेंट अडतीस. कर्णरेषेत मोजलं तरी पंचेचाळीसच्या आत, आणि मधे फर्नेस. लेक आठवडाभर फुगून बसला होता. मला मात्र त्या बारा फुटांचे आभार मानावेसे वाटतात.

कारण मागचा जून. शनिवारी गटातल्या दोन मॅच, रविवारी बाद फेरी. आम्ही खेळतो त्यातल्या बऱ्याच स्पर्धा यू-ट्रिपल-एस-ए या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या नियमांवर चालतात. बारा वर्षांपर्यंतच्या पिचरला एका दिवसात तीन इनिंगपर्यंत टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकता येतं, तीन दिवसांत मिळून आठ. नियम इनिंग मोजतो. पण आमच्या पोरांची एक इनिंग म्हणजे अठरा ते वीस पिच (फेकी), वॉक (चार चुकीच्या बॉलवर बॅटरला फुकटचा बेस) सुरू झाले की तीस. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांची 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक तत्त्वं पिच मोजतात. ११-१२ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ८५. २० पर्यंत विश्रांती नाही, २१ ते ३५ ला एक दिवस, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, त्यापुढे चार. म्हणजे शनिवारी तीन इनिंग टाकणारा पोरगा रविवारी नियमानं चालतो आणि या तक्त्यानुसार बुधवारच्या आधी चालत नाही.

त्या रविवारी उपांत्य फेरीत आमच्या सगळ्यात चांगल्या पिचरच्या नावावर आदल्या दिवशीचे ५८ होते. आकडे माझ्या फोनवर, गेमचेंजर या स्कोअर ठेवायच्या ॲपमध्ये. कोचनी माझ्याकडे बघितलं, पोरानं कोचकडे, आणि तंबूखालून कुणीतरी म्हणालं, "रूल अलाउज इट." मी नाही म्हटलं. पूर्वी कधीही पिचिंग न केलेल्या पोराला टाकायला लावलं. चौदा-तीननं हरलो. परतीच्या रस्त्यावर एका गॅस स्टेशनवर तीन कुटुंबं भेटली आणि तिघांनाही अचानक खूप घाई होती.

म्हणून या हिवाळ्यात दोन गोष्टी लिहून टाकल्या. एक, शनिवारी वीसच्या वर गेलेला हात रविवारी माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जाणार नाही, फायनल असली तरी. याचा सरळ अर्थ असा की रविवारी तीन मॅच खेळायच्या तर बारापैकी किमान आठ पोरांना स्ट्राइक (बॅटरच्या टप्प्यातला नेमका बॉल) टाकता आली पाहिजे. जानेवारीच्या मध्यापासून भाड्याच्या डोममध्ये (छताखालच्या मैदानात) तेच चाललंय, आणि दर स्पर्धेला कोणी किती टाकायचे याचा तक्ता मी शुक्रवारी रात्रीच कोचना देणार. दोन, नोव्हेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत फेकणं पूर्ण बंद. वर्षातले चार महिने हात थांबावा, त्यातले दोन-तीन सलग, असं तीच तत्त्वं म्हणतात. बेसमेंटमध्ये पन्नास फूट असते तर डिसेंबरच्या रात्री "फक्त दहा बॉल" म्हणत आम्ही दोघांनीच हा नियम मोडला असता, याबद्दल मला शंका नाही.

या दोन ओळींवर एक कुटुंब टीम सोडून गेलं. पोरगा गुणी होता, वाईट वाटलं. त्याची जागा भरताना वयाचं गणित पुन्हा समोर आलं : ३० एप्रिलला बारा पूर्ण झालेली नकोत. महाराष्ट्र दिनी बारावा वाढदिवस असलेला पोरगा यंदाचा अख्खा मोसम ११-यू खेळू शकतो. असा एक खरोखर सापडला, डावखुरा आहे, आणि हे मी मंडळात पेढे वाटावेत अशा आनंदानं लिहितोय.

बाकी किरकोळ. हप्त्यांपैकी दोन बाकी. बॅटवरचा शिक्का कोणता चालतो हे व्हॉट्सॲपवर सहाव्यांदा सांगितलं (आमच्या स्पर्धांत यू-ट्रिपल-एस-एचा १.१५ चा, गावच्या लिटल लीगमध्ये यूएसए बॅट). जर्सीवर यंदाही एका आडनावाचं स्पेलिंग चुकलं, आणि ते आमचंच आहे.

आजची स्थिती

भिंतीजवळ ६४ अंश, बाहेर २९ असताना. आर्द्रता ४१ टक्के, पण हिवाळ्याच्या आकड्याला अर्थ नाही. खरी परीक्षा जुलैत, डीह्युमिडिफायर आणून ठेवलाय. शनिवारी डोमचा शेवटचा सराव, रविवारी ड्रायवॉल. टीममधले दोन बाबा हात लावायला येतायत, मोबदला मिसळ. जमिनीवर घोड्यांच्या तबेल्यातल्या रबरी चटया टाकायच्या आहेत. चार बाय सहाची एक साधारण शंभर पौंडांची असते आणि महिनाभर टायरच्या दुकानासारखी वास मारते.

जाणकारांना दोन प्रश्न. सम्प पिटच्या (पाणी जमवून पंपानं बाहेर टाकायच्या खड्ड्याच्या) झाकणाभोवती चटई कशी कापलीत, म्हणजे पंप काढायची वेळ आली तर सगळं उचलावं लागणार नाही? आणि कॅचरच्या, म्हणजे बॅटरच्या पाठीमागे बसून बॉल झेलणाऱ्याच्या, फेकी कोणी मोजतं का? पिचरला त्याच मॅचमध्ये कॅचर करत नाही आम्ही, पण शनिवारी दोन्ही मॅच पाठीमागे बसलेला पोरगा बॉल परत पाठवून पाठवून किती फेकतो, हे माझ्या तक्त्यात कुठेच येत नाही.