चौथ्या मजल्यावरची रेकॉर्ड रूम

नव्या इमारतीच्या नकाशात चौथ्या मजल्यावर रेकॉर्ड रूम दाखवली होती आणि तिच्यात कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकवून एकमेकांना चिकटवता येणारे रॅक, आखले होते. खोली कोरडी, ऊन न येणारी, सगळ्यांना पसंत. संस्थेचं सगळं जुनं दप्तर तिथे हलवायचं नियोजन माझ्याकडे होतं. बैठकीत मी विचारलं, एवढ्या कागदाचं वजन किती धरलंय? ते कुणीच धरलं नव्हतं.

फळीवर उभ्या लावलेल्या फायलींचं वजन मीटरला साधारण 50 किलो धरतात. 90 सेंटिमीटर रुंद, सहा फळ्यांच्या रॅकमध्ये 5.4 मीटर फायली बसतात, म्हणजे 270 किलो, लोखंड वेगळं. रॅक 40 सेंटिमीटर खोल असेल तर त्याच्याखाली चौरस मीटरला 750 किलो भार येतो. साध्या रॅकमध्ये जाण्यायेण्याच्या वाटा सोडलेल्या असतात, त्यामुळे खोलीभर हिशेब केला की भार निम्म्यावर येतो. कॉम्पॅक्टरमध्ये वाट एकच. जागा तिथेच वाचते आणि भारही तिथेच वाढतो. कार्यालयाचा स्लॅब मात्र चौरस मीटरला साधारण 250 ते 400 किलोंसाठी केलेला असतो. हे आकडे मी तिथेच मांडून स्ट्रक्चरल इंजिनिअरांपुढे ठेवले. त्यांनी स्वतः पुन्हा हिशेब केला आणि म्हणाले, "चौथ्या मजल्यावर हे चालणार नाही."

मग कुणीतरी तळघर सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. पाणी कुठूनही आलं तरी शेवटी तळघरातच साचतं, आणि भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरू शकते. शेवटी तळमजल्यावरची मागची खोली ठरली. तिच्या छताखालून सांडपाण्याचा पाइप जात होता. तो वळवायचं लेखी आश्वासन घेतल्याशिवाय मी उठले नाही.

दुपारी रेकॉर्डकीपर काकांबरोबर जुन्या खोलीत गेले. माझ्या हातात टेप होता, फळ्यांची मापं घ्यायची होती. पण तिथे खरं काम निघालं ते वेगळंच. एका रांगेत जाड नोंदवह्या आणि पातळ फायली आलटूनपालटून लावलेल्या होत्या. सामान हलवणाऱ्यांनी आकार पाहून वह्या एका खोक्यात आणि फायली दुसऱ्या खोक्यात भरल्या असत्या.

"मॅडम, ह्या वह्या हलवू नका," काका म्हणाले. "फायलीवर नुसता आवक क्रमांक आहे. विषय वहीत आहे. वही दुसरीकडे गेली की फाईल मुकी."

पुढच्या रांगेत पूर्वी बंद झालेल्या एका विभागाचे कागद होते, तेही त्या विभागाने लावलेल्या क्रमानेच. हा क्रम मोडायचा नाही, हा आमच्या कामाचा मूळ नियम. एका कार्यालयाचे कागद एकत्र ठेवावेत, दुसऱ्याच्या कागदांत मिसळू नयेत, असं फ्रान्सच्या सरकारी परिपत्रकाने 1841 मध्येच सांगितलं होतं. काकांनी ते परिपत्रक कधी पाहिलेलं नाही, पण त्यांच्या खोलीत ते पाळलं गेलं होतं, आणि याचा मला फार आनंद झाला.

संध्याकाळपर्यंत आम्ही तक्त्याचा आराखडा केला: खोक्याचा क्रमांक, आतलं पहिलं आणि शेवटचं प्रकरण, जुनी रांग-रॅक-फळी, नवी रांग-रॅक-फळी. नवी जागा कागदावर ठरल्याशिवाय एकही खोकं उचलायचं नाही. काचेच्या निगेटिव्ह उभ्याच न्यायच्या, मोठे नकाशे आडवे. "हलवण्याआधी जुनं सगळं रद्दीत काढा" हा आग्रह मी मानला नाही. जतनाची मुदत संपलेले आणि कुठल्याही वादात न अडकलेले कागदच, यादीवर सह्या होऊन, नष्ट होतील.

एक प्रश्न उरला होता. नव्या बांधकामाचं काँक्रीट आणि गिलावा बरेच महिने ओल सोडत राहतात. खोलीत आर्द्रतामापक ठेवून आकडे स्थिर होईपर्यंत कागद न्यायचे नाहीत, असं मी संचालकांना सांगितलं. "म्हणजे तारीख पुढे जाणार?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. थोडा विचार करून त्यांनी मान्य केलं: कार्यालय ठरल्या दिवशी जाईल, चालू फायली त्याच्याबरोबर, आणि बाकीचं दप्तर मागाहून. खोकी भरताना जुन्या जागी मी थांबेन. नव्या जागी तक्ता घेऊन काका, आणि त्यांनी खूण केल्याशिवाय कुठलंही खोकं फळीवर चढणार नाही.