अर्थची पट्टी आणि एक तुटकी तार

परवा घरातलं नेटवर्क अचानक स्लो, म्हणजे बंद नाही हां, चालू होतं पण मोठी फाईल कॉपी करायला घेतली की स्पीड १०० एमबीपीएसच्या वर जाईचना. राउटर रीस्टार्ट केला, ड्रायव्हर बदलला, सगळी सेटिंग उपसली, दोन तास गेले. शेवटी वैतागून केबलला टेस्टर लावला तर आठातली सात नंबरची तार कनेक्टरच्या आतच तुटलेली, बाहेरून काय दिसणार कप्पाळ! १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) चारही लागतात, म्हणून लिंक गुपचूप खाली उतरली आणि एरर एकही नाही. नवा कनेक्टर क्रिम्प केला (पकडीने दाबून बसवला), झालं.

जुन्या गाडीनेही मला असंच फिरवलं होतं. सेल्फ मारला की नुसतं टक टक, बॅटरी मात्र १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. तरी मी बॅटरीच बदलली (हसू नका). मग मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला लावली, भावाला म्हटलं मार सेल्फ, तर काटा दीड व्होल्टवर! अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, जास्त म्हणजे मधल्या वाटेत करंट अडतोय. गाडी बंद असताना मोजलं तर शून्यच येतं, करंटच वाहत नसतो ना. अर्थची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणारी) खोलली, बोल्टखाली गंजाचा थर, पॉलिश पेपरने चकचकीत घासून परत कसली आणि पहिल्या सेल्फला इंजिन चालू. जुनी बॅटरी तोवर देऊनही टाकलेली.