नव्वद दिवसांचा दाखला

मी फरशी बसवतो. कऱ्हाड-इस्लामपूर पट्ट्यात जिथं काम लागेल तिथं. एकाकडं आठवडा, दुसऱ्याकडं पंधरवडा, मध्ये खाडे. असल्या माणसानं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंदणी कशी करायची ते लिहितोय, कारण नाक्यावरची निम्मी मंडळी अजून एजंटाच्याच भरवशावर आहेत.

नोंदणीची फी तेव्हा १ रुपया होती. वय १८ ते ६०. आधार, फोटो, पासबुक घरात होतंच. पोरीनं मोबाइलवर फॉर्म भरायला घेतला आणि एका रकान्याशी अडली. मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, वर त्याचा जावक क्रमांक, म्हणजे देणाऱ्याच्या रजिस्टरमधला त्या कागदाचा नंबर, नि तारीख.

आता आमच्या धंद्यात जावक क्रमांक आणायचा कुठनं? घरमालकाला विचारलं तर तो माझ्याच तोंडाकडं बघायला लागला. मुकादम म्हणाला, "सही केली तर उद्या लेबर ऑफिसवाले माझ्या मागं लागायचे." ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "तू सदा बाहेरगावी. नव्वद दिवस भरले हे मी कशावरनं लिहू?" त्यांचं तरी काय चुकलं? एजंट मात्र तयारच होता. पैसे टाका, सही-शिक्क्यासकट दाखला घ्या. कधी घमेलं न उचललेली माणसं अशा दाखल्यावर मंडळाकडनं मिळणारा भांड्यांचा संच घेऊन गेलेली मी बघितलीत.

माझ्या कामी आली ती खिशातली वही. तारीख, साइट, किती फूट फरशी बसली, किती उचल घेतली. पानं सिमेंट लागून कडक झालेली, पण अक्षर वाचता येत होतं. एका परवानाधारक इंजिनिअरच्या दोन इमारतींवर मी काम केलं होतं. ते साहेब वही घेऊन बसले, आपल्या बिलांशी एकेक तारीख ताडून बघितली. दोन्ही साइट मिळून दिवस भरले. मग लेटरहेडवर दाखला, शिक्का आणि तो जावक क्रमांक.

बोलता बोलता त्यांनी सांगितलं, या दोन्ही इमारतींचा उपकर केव्हाच भरलाय. १९९६ च्या कायद्यानं तेव्हा बांधकाम खर्चाच्या १ टक्का रक्कम कामगारांसाठी घ्यायचे, ती. म्हणजे मी बसवलेल्या फरशीमागचे पैसे मंडळाकडं आधीच गेलेले, फक्त माझं नाव गेलेलं नाही. पैसे घेताना मजुरांची यादी का मागत नाहीत? असा पैसा राज्याराज्यांत पडून राहतो म्हणून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारांना चांगलंच फटकारलं होतं. आणि इकडं आम्ही सहीसाठी दारोदार.

पुढचं सोपं होतं. तालुक्याच्या केंद्रात मूळ कागद दाखवायचे. सर्व्हर बंद म्हणून एक रोज बुडाला, तेवढंच. नोंदणीचा नंबर आल्यावर पोरीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज टाकला. आठवी ते दहावीला वर्षाला ५ हजार मिळतात, शाळेत ७५ टक्के हजेरी हवी.

नूतनीकरण दरवर्षी आहे आणि तेव्हा परत नव्वद दिवस दाखवावे लागतात. म्हणून हल्ली हिशोब मिटवतानाच वही पुढं करतो. "साहेब, पैशाबरोबर इथं सही पण." काही जण करतात, काही जण म्हणतात पुढच्या वेळी बघू.