भट्टीच्या धुरात जाणारी एनर्जी

इलेक्ट्रिक आर्क फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या झोताने (आर्कने) भंगार वितळवून स्टील बनवणाऱ्या भट्टीत, एनर्जी वाचवायची म्हटलं की सगळ्यांची नजर विजेच्या मीटरवर, टनाला किती युनिट पडले, मागच्या महिन्यापेक्षा कमी की जास्त, संपलं. मला मनापासून वाटतं की आत किती वीज गेली हे जितक्या बारकाईने बघतो तितक्याच बारकाईने बाहेर काय चाललंय तेही बघायला पाहिजे. थंड भंगार वितळवून १६०० डिग्रीपर्यंत न्यायला टनामागे साधारण ३८० युनिटइतकी उष्णता लागतेच, त्यात कुणालाच सूट नाही. पण वीज, ऑक्सिजन, बर्नरचा गॅस, कोळसा असं सगळं धरलं तर भट्टीत पडते त्याहून खूपच जास्त. वरची कुठे जाते? थोडी स्लॅगमध्ये (स्टीलवर तरंगणारी मळी), थोडी भट्टीच्या भिंतीचे पॅनेल गार ठेवणाऱ्या पाण्यात आणि मोठा वाटा, एकूण एनर्जीच्या पाव हिश्शाच्या आसपास, छतातल्या एल्बोमधून (वाकड्या पाइपातून) गरम गॅस बनून सरळ डक्टमध्ये, म्हणजे धूर नेणाऱ्या नळीत.

त्या गॅसमध्ये नुसती उष्णता नसते, न जळलेला कार्बन मोनॉक्साइड पण असतो. कार्बन जळून मोनॉक्साइड होताना जी उष्णता मिळते त्याच्या जवळजवळ अडीचपट उष्णता मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होताना मिळते, आणि हा मोठा भाग भट्टीत न जळता पुढे डक्टमध्ये जळतो आणि मग तोच गॅस गार करायला आपण परत पाणी फिरवतो! म्हणून ऑक्सिजन कुठे, कधी आणि किती मारायचा हे फार महत्त्वाचं आहे.

मोठ्या मशिनरीआधी मी फोमी, म्हणजे फेसाळ, स्लॅगकडेच बघेन. ऑक्सिजन आणि कोळशाची पूड बरोबर मारली की स्लॅग फुगते, आर्क तिच्यात बुडते, उष्णता भिंतीवर न जाता स्टीलमध्ये जाते आणि रिफ्रॅक्टरी (भट्टीच्या आतलं उष्णतारोधक विटांचं अस्तर) पण टिकते. स्लॅगचं डोअर उगाच उघडं राहिलं तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि ती फुकट तापवत बसावी लागते. छत उघडून बकेटने भंगार आत टाकताना दर वेळी उष्णता जाते ती वेगळीच.

एवढं करूनही गॅस गरम निघणारच, मग तो वापरा ना. जर्मनीत रीझा इथे फेराल्पी या स्टील कंपनीच्या भट्टीच्या गॅसवर वाफ बनवतात आणि त्यातली काही शेजारच्या टायर कारखान्याला जाते. इटलीत ब्रेशा शहरातल्या ओरी मार्टिन या स्टील कारखान्यात हिवाळ्यात हीच उष्णता शहरातल्या घरांना देतात आणि उन्हाळ्यात तिच्यावर वीज बनवतात. आपल्याकडे घरं तापवायची गरज नाही पण वाफ लागणारे कारखाने एमआयडीसीत शेजारी शेजारीच असतात, त्यामुळे रीझाचं मॉडेल आपल्याला जास्त जवळचं वाटतं.

गॅसबरोबर धूळ येते, टनाला पंधरा-वीस किलो. गॅल्व्हनाइज्ड (झिंकचा थर दिलेल्या) पत्र्याचं भंगार असलं की त्यातलं झिंक ९०७ डिग्रीला उकळून वाफ होतं आणि बॅगहाऊसमध्ये (धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांच्या युनिटमध्ये) येऊन बसतं, धुळीत झिंक वीस-तीस टक्केसुद्धा सापडतं. शिसं, कॅडमियम असल्याने ती उघड्यावर टाकणं धोक्याचंच, पण वेल्झ किल्नमध्ये (फिरत्या लांब भट्टीत) कोळशाबरोबर भाजली की झिंक ऑक्साइड वेगळं निघतं आणि ते झिंक बनवणाऱ्यांना विकता येतं.

स्लॅगचं तर आपल्या अगदी जवळचं उदाहरण आहे. मुंबई-गोवा हायवेवर पनवेल-इंदापूर पट्ट्यात १ किलोमीटरचा रस्ता डोलवीच्या जेएसडब्ल्यूच्या कॉनआर्क भट्टीच्या (आर्क आणि ऑक्सिजन दोन्ही वापरणारी भट्टी) स्लॅगपासून केलाय, सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्यासाठी साधारण ८० हजार टन स्लॅगवर प्रक्रिया करून खडी बनवली, म्हणजे तेवढा दगड डोंगरातून फोडावा लागला नाही. पण स्लॅग आणली आणि पसरली असं चालत नाही हां, आत सुटा चुना राहिला असेल तर पाणी लागल्यावर तो फुगतो आणि रस्ता वर उचलतो, त्यामुळे आधी तिला पाणी-हवेत मुरवून किंवा वाफ देऊन शांत करावं लागतं आणि फुगण्याची टेस्ट पास झाल्याशिवाय गाडी यार्डाबाहेर सोडायची नाही.