तुम्ही विचारलंत म्हणून: फलकावरचे साहेब

नागपुरात हिवाळी अधिवेशन आलं की बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात: विमानतळापासून सिव्हिल लाइन्सपर्यंत स्वागताचे एवढे फलक लावतं कोण, आणि साहेब ते बघतात तरी का?

फारसे नाही. गाडी वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावर चढली की थेट अजनीला उतरते, खालचे फलक खालीच. म्हणून जाणता कार्यकर्ता पूल चढण्याआधीची जागा धरतो, नाहीतर रविभवनाच्या वाटेवरची. वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं हे ठरवणाऱ्या १९५३च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा अख्खं मंत्रिमंडळ हाताशी येतं; तेवढ्यात उरकायचं असतं. फलकाखाली उभं राहून काढलेला फोटो पीएच्या व्हॉट्सॲपवर गेला की अर्धं काम झालं. उरलेलं वॉर्डात होतं. ‘हा भाऊंचा माणूस आहे’ एवढं तहसीलपासून ठाण्यापर्यंत पोचलं की फाइल हलते.

मजकुराला वेळ लागत नाही, ‘विकासपुरुष’ आणि ‘कार्यसम्राट’ दुकानात तयारच असतात. घोळ होतो फोटोंच्या उतरंडीत. वरच्या पट्टीत दिल्लीचे, गोलात. मधे साहेब, कमरेपर्यंत, हात जोडलेले. खाली शुभेच्छुक, पासपोर्ट आकारात. शुभेच्छुकाचं डोकं साहेबांपेक्षा मोठं दिसलं तर केलेला खर्च अंगाशी येतो. जिल्ह्यातला दुसऱ्या गटाचा नेता गाळला तर संध्याकाळच्या आत फोन वाजतो. तेव्हा प्रूफ आधी पीएला दाखवावं. फोटोची मूळ फाइल मागावी. व्हॉट्सॲपवरून उचललेला फोटो दहा फुटांवर ताणला की साहेबांचा चेहरा धूसर होतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला तर जोडाक्षरं फुटतात, आणि ‘कार्यसम्राट’मध्ये तर दोन आहेत.

आता हिशेब. १० बाय २० म्हणजे २०० चौरस फूट. फुटाला साधारण १० रुपये धरले तर छपाई २,००० रुपये. चौकट, बांबू, सुतळी आणि लावणारी पोरं वेगळी. मनपाची लेखी परवानगी नसेल तर १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा वरचा आकडाच छपाईएवढा! घाबरणार कोण?

स्तुती खोटी आहे हे साहेबांनाही कळतं. त्यांचा माणूस विशेषणं वाचत बसत नाही, यंदा कोणाचा फलक नाही तेवढं टिपून ठेवतो. फलक लावून तिकीट मिळतंच असं नाही, पण न लावल्याची नोंद मात्र होते. म्हणून पक्षात दोन गट असले की हुशार शुभेच्छुक दोन्हीकडचे फलक करतो, फक्त दुकानं वेगवेगळी धरतो.