जादा 'ए'चं काय करायचं?

शनिवार, रात्री उशिरा

बारसं पुढच्या रविवारी. नाव ठरलंय, ऋजुता. बाळाचं नक्षत्र स्वाती, म्हणजे रू, रे, रो, ता. त्यातल्या 'रू'वरून हे काढलं. काकूंनी लगेच खोडा घातला, "ऋ हा स्वर आहे, रू नव्हे." आपण ऋचा उच्चार रुसारखाच करतो, तेव्हा नक्षत्रालाही चालून जाईल, असं आईने परस्पर जाहीर करून टाकलं आणि तो विषय मिटला. खरा तंटा पेटला तो इंग्रजी स्पेलिंगवरून.

आमच्या बंधुराजांना शेवटी दोन 'ए' हवेत. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला अंकशास्त्राचा तक्ता पाठवलाय. आरचे 2, यूचे 6, जेचा 1, टीचे 4, एचा 1. साध्या स्पेलिंगची (आर-यू-जे-यू-टी-ए) बेरीज येते 20, म्हणजे 2. आणखी एक ए चिकटवला की 21, म्हणजे 3. आणि मुलीला 3च लाभतो म्हणे.

जेवणं आटोपल्यावर मी कागद-पेन घेऊन बसले. ही झाली खाल्डियन पद्धत. पायथागोरियन नावाची दुसरीही एक आहे. तिच्यात एपासून आयपर्यंत ओळीने 1 ते 9, मग जेपासून पुन्हा 1. त्या हिशेबाने साधं नाव होतं 19, म्हणजे 10, म्हणजे 1. दोन ए लावले तर 20, म्हणजे 2. तीन कुठेच नाही! कागद त्याच्यापुढे सरकवला तर म्हणतो, "ताई, तू ना, उगाच फाटे फोडतेस."

जादा ए नेहमीच फुकट असतो असं नाही. राम आणि रमा इंग्रजीत लिहून बघा, एखादा ए वाढवल्याशिवाय धड कळत नाही कोण कोण ते. पण ऋजुताला 'ऋजुत' कोण वाचणार आहे? दिल्लीच्या मावशींनी यूऐवजी आय सुचवला, त्यामागे निदान कारण तरी होतं. हिंदीत ऋचा उच्चार 'रि' करतात, म्हणून त्यांची अमृता आयने आणि आपली यूने. त्यांना आपलं स्पेलिंग विचित्र वाटतं, आपल्याला त्यांचं. मी यूवरच अडून बसले. मुलगी पुण्याची, तिला हाक जशी मारणार तसंच लिहायचं.

ज्ञानदा, म्हणजे आमची भावजय, इतका वेळ बाळाला थोपटत गप्प ऐकत होती. या विषयावर घरात सर्वांत जास्त अधिकार तिचा. ज्ञसाठी डी-एन-वाय हे आपलं रुळलेलं वळण. ज्ञानेश्वर लिहिताना कुणाचा हात अडत नाही. पण हिंदीवाले तिथे जी-वाय लिहितात, गुजराती जी-एन, आणि ज्ञानपीठाचं अधिकृत स्पेलिंग जे-एनने सुरू होतं. बंगळुरात नोकरीला होती तेव्हा फोनवर कुणी तिला 'डिन्यानदा' म्हणायचं, कुणी सरळ 'डायना'. एका जुन्या कागदावर जी-एन पडलंय, त्यापायी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागलं ते वेगळंच. ती एवढंच म्हणाली, "माझ्या स्पेलिंगचा त्रास मी काढला, कारण त्यात आपला उच्चार तरी आहे. त्या ए मध्ये काय आहे?"

यावर बंधुराज गप्प. मग त्याने दुसरीच पळवाट काढली. जन्मनोंदणीत नाव पहिल्या 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तेव्हा घाई कशाला, सावकाश ठरवू. बरोबर आहे, पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, लायसन सगळीकडे जन्मदाखलाच पुढे करायचाय. त्यात आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव अशा क्रमाने लागतं. म्हणजे ऋजुताच्या पाठोपाठ ज्ञानदाचं डी-एन-वाय प्रत्येक फॉर्मवर येणारच. एकाच मुलीने दोन अवघड स्पेलिंगं जन्मभर सांगत बसायचं? बिचारी काउंटरवर उभी राहून "शेवटी डबल ए हं" म्हणतेय, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू आवरेना.

"फॉर्म मी भरणार आहे," ज्ञानदा म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली. एक ए, ठरलं.

उद्या घुगऱ्यांचे हरभरे आणायचे, कुंची शिवायला टाकलीय ती झाली का बघायचं. पेढ्यांच्या खोक्यांवरचा मजकूर मराठीतच छापायला दिलाय, तिथे ए-बीची भानगड नाही. छापखानेवाल्याला ऋ मात्र ठळक काढून दिलाय. मागे एका बारशाला त्याने ऋतुजाचं रुतुजा करून ठेवलं होतं.