डेल्टा पीएलसीवर अर्धा एचपीची मोटर: चालू-बंद झालं

मंडळी, मोटर फिरली. पीएलसी, म्हणजे प्रोग्रामप्रमाणे यंत्रं चालवणारा छोटा कंट्रोलर, डेल्टाचा डीव्हीपी-१४एसएस२, रिले आउटपुटवाला: आठ इनपुट, सहा आउटपुट. त्याला २४ व्होल्ट डीसी बाहेरून लागतो, म्हणून शेजारी एसएमपीएस (मेनचा एसी घेऊन डीसी देणारा सप्लाय). कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा मोटरचा मोठा स्विच, ९ अँपिअरचा, कॉइल २३० व्होल्ट एसीची, खाली ओव्हरलोड रिले, जास्त करंट गेला की ट्रिप होणारा. डिन रेल, फेरूल, टर्मिनल असा किरकोळ माल पुण्याच्या तपकीर गल्लीतला. मोटर सिंगल फेज, भंगारातून उचललेली, पण बेअरिंग ठणठणीत.

लॅडर (पीएलसीचा शिडीसारखा काढलेला प्रोग्राम) कुठेही सापडतं, त्यामुळे आधी वायरिंग. प्रत्येक तार जोडताना एकच प्रश्न धरला होता: ही तुटली तर काय होईल?

स्टॉपचं बटण त्यावरच ठरतं. ते एनसीच हवं, म्हणजे न दाबता जोडलेलं आणि दाबल्यावर तुटणारं. एरवी एक्स१ वर (एक्स म्हणजे पीएलसीचे इनपुट, वाय म्हणजे आउटपुट) २४ व्होल्ट येत राहतात. बटण दाबा, तार तुटू दे, नाहीतर टर्मिनलचा स्क्रू ढिला होऊ दे, एक्स१ जातो आणि मोटर थांबते. एनओ (दाबल्यावरच जोडणारं) बटण असतं तर तार तुटल्याचं कळलं असतं ते नेमकं मोटर थांबवायच्या वेळी. लॅडरमध्ये मात्र एक्स१ चा कॉन्टॅक्ट एनओ काढायचा. नवे लोक इथेच अडतात, कारण स्टार्टरच्या ड्रॉइंगमध्ये स्टॉप कायम एनसी पाहिलेला असतो. बटणाने एकदा उलटवलंय, प्रोग्रामने परत उलटवायचं नाही.

इमर्जन्सी स्टॉप आणि ओव्हरलोडचा ९५-९६ (ट्रिप झाला की तुटणारा कॉन्टॅक्ट) हे दोन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइलला थेट सिरीजमध्ये आहेत, पीएलसीला न विचारता. पीएलसीच्या आउटपुटलाही शेवटी रिलेच असतो. त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले तर प्रोग्रामने वाय० बंद करूनही कॉइलचा सप्लाय तुटणार नाही. ९७-९८ (ट्रिप झाला की जोडणारा) फक्त एक्स३ वर, ट्रिपचा दिवा लावायला. वाय० आणि कॉइलच्या मध्ये २४ व्होल्टचा प्लग-इन रिलेही घातलाय. खराब झालाच तर तो उपटून दुसरा बसवता येतो, पीएलसी उघडावा लागत नाही. त्याच्या कॉइलवर उलटा डायोड, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर; दोन्ही, कॉइल बंद होतानाचा व्होल्टचा झटका शोषायला.

सिंगल फेजवाल्यांनो, ओव्हरलोडच्या तिन्ही पोलमधून मोटरचा करंट गेला पाहिजे. एक पोल रिकामा ठेवलात तर फेज गेल्याची जाण असलेला रिले ‘एक फेज नाही’ असं समजून ओव्हरलोड नसतानाही लवकर ट्रिप होतो. मी न्यूट्रल एका पोलमधून आणि फेज उरलेल्या दोन पोलमधून वळवून घेतलाय. सेटिंग मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरला.

आता होल्डिंग, म्हणजे स्टार्टचं बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणं. सगळीकडे वाय० चाच कॉन्टॅक्ट स्टार्टला पॅरलल दाखवतात. मला ते पटत नाही. ओव्हरलोड ट्रिप झाला, कॉन्टॅक्टर पडला, तरी वाय० आपला चालूच. रिले ऑटो रिसेटवर असेल तर बायमेटल थंड झाल्यावर मोटर आपोआप सुरू, आणि तुमचा हात तेव्हा पट्ट्यावर. म्हणून कॉन्टॅक्टरचा १३-१४ (तो ओढला की जोडणारा जादा कॉन्टॅक्ट) एक्स२ वर घेतला, म्हणजे तो खरोखर ओढला गेलाय की नाही हे कळतं.

पण नुसता एक्स२ होल्डिंगला वापरूनही भागत नाही. स्टार्टचं बटण अडकून बसलं तर मोटर पुन्हा सुरू होऊ नये म्हणून एक्स० ची (स्टार्टच्या इनपुटची) फक्त वर जाणारी कड, म्हणजे बंदवरून चालू होण्याचा क्षण, घ्यायची होती. ती एकाच स्कॅनपुरती (प्रोग्रामच्या एका फेरीपुरती) असते. तेवढ्यात मधला रिले आणि कॉन्टॅक्टर कुठले ओढले जायला! तर शेवटी असं: एक्स० ची कड किंवा एम०, सोबत एक्स१ आणि टी० नसणे, यावर एम० (एम म्हणजे पीएलसीच्या मेमरीतला रिले, टी म्हणजे टायमर). एम० चालू पण एक्स२ नाही, असं असेल तर टी०, के५, म्हणजे अर्धा सेकंद. एम० वरून वाय०. कॉन्टॅक्टरने अर्ध्या सेकंदात दाद दिली नाही किंवा चालता चालता तो पडला, की एम० सुटतो. लाइट जाऊन आली तरी मोटर गप्प राहते, कारण एम० लॅच्ड (सप्लाय गेला तरी स्थिती जपणाऱ्या) रिलेंमध्ये मोडत नाही.

मोटरच्या तारा काढून, नुसत्या कॉन्टॅक्टरवर एकेक तपासलं. एक्स१ ची तार ओढली: पडला. एक्स२ ची ओढली: अर्धा सेकंद थांबून पडला. ओव्हरलोडचं टेस्ट बटण, इमर्जन्सी, मेन एमसीबी बंद करून चालू: सगळं अपेक्षेप्रमाणे. मग अर्थिंग मीटरने पाहून मोटर जोडली.

पुढे उलट-सुलट फिरवायचं आहे. दोन कॉन्टॅक्टर, एकमेकांच्या कॉइलमध्ये २१-२२ चा (ओढल्यावर तुटणारा कॉन्टॅक्ट) इंटरलॉक, म्हणजे दोन्ही एकदम ओढले जाऊ नयेत, हे झालंच. पण ही मोटर कपॅसिटर स्टार्ट आहे. वेग घेतला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच स्टार्टिंग वाइंडिंग तोडतो. फिरत असताना दिशा बदलायला गेलं तर ती आधीच्याच दिशेने फिरत राहते. म्हणजे मध्ये पूर्ण थांबण्याइतका टायमर हवा. तो किती सेकंदांचा, हे चाक लावून आणि सप्लाय तोडून मोजणार आहे.